काळ्या दगडाचे दप्तर

आमच्याकडे इतिहासाची साधने म्हटली म्हणजे डोळ्यांपुढे उभी राहतात ती मोडी दप्तरे, सनदा, करीने आणि ताम्रपट. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यांवरची गाठोडी सोडून, मराठ्यांच्या इतिहासाचे बावीस खंड महाराष्ट्रापुढे ठेवले, तेव्हापासून जुन्या कागदाची किंमत आमच्या सुशिक्षित वर्गास कळू लागली. तथापि ही किंमत आम्ही माणसांच्या कागदांनाच दिली. ज्या भूमीवर ही माणसे लढली, पेरती झाली आणि मेली, त्या भूमीविषयीही एक दप्तर आहे. ते इंग्रजीत आहे, परक्यांच्या हातचे आहे, आणि त्याचा मोठा भाग कलकत्ता व लंडन येथील विद्वत्सभांच्या जुन्या अंकांत पडून आहे. मराठवाड्याच्या दगडमातीचे पहिले लेखी वर्णन शोधू गेल्यास ते याच दप्तरात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रांतातून हिंडलेल्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञांच्या टिपणवह्या आणि निबंध यांविषयी आम्ही आज चार शब्द लिहिणार आहोत. हे कागद कसे झाले, कसे टिकले, आणि आमच्या वाचकांनी ते कोणत्या दृष्टीने वाचावेत, हा या लेखाचा विषय होय.

विवेचनास एखादे ठिकाण धरावे लागते, म्हणून नांदेड जिल्ह्यातील हदगाव धरू. तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा. नदीपलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. कयाधू नदी याच मुलखात पैनगंगेस मिळते. जमीन बहुतेक काळी, खाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. येथील शेतकऱ्यास या तीन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत; विहिरीसाठी पहार मारली की त्या याच क्रमाने भेटतात. पूर्वेकडे किनवटच्या डोंगरांतून पुढे गेले की मात्र काळ्या पाषाणाचे राज्य संपत जाते, आणि चुनखडक, वालुकाश्म व ग्रॅनाइट डोके वर काढू लागतात. सारांश, हदगावचा मुलूख हा दख्खनच्या अवाढव्य काळ्या थराच्या पूर्व कडेजवळचा आहे. कडेजवळच्या जागेचे एक विशेष असते. थराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसास खाली काय आहे ते दिसत नाही. कडेवर उभ्या असलेल्यास थराचे वरचे आणि खालचे दोन्ही दिसते. आमच्या या दप्तरातील पुष्कळसे महत्त्वाचे कागद दख्खनच्या पूर्व कडेवर जन्मले, याचे कारण हेच आहे.

या दप्तराचे पहिले पान भूगर्भासाठी लिहिले गेले नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने जी मोजणी सुरू केली, ती पुढे हिंदुस्थानची महात्रिकोणमितीय मोजणी म्हणून प्रसिद्ध झाली. टेकड्यांच्या माथ्यांवरून कोन मोजीत, एका त्रिकोणास दुसरा जोडीत, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जावयाचे, असा तो उद्योग होता. बिदरजवळ दमरगिद्दा येथे १८१५ मध्ये एक पायारेषा मोजली गेली. तिच्या उत्तरेस एलिचपूरजवळ टाकळखेडा येथे १८२२ च्या सुमारास दुसरी. ही दोन्ही ठिकाणे साधारण ७७ अंश ४० कला या एकाच रेखांशावर आहेत. नकाशा उघडून पाहिला तर हदगावही याच रेखांशावर सापडते. म्हणजे बिदर ते वऱ्हाड ही त्रिकोणांची साखळी हदगावच्या मुलखावरूनच गेली. पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी जी रेषा आखली गेली, तिचा एक तुकडा पैनगंगेच्या या काठावर पडला आहे, ही गोष्ट हदगावकरांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेली असेल.

१८१८ मध्ये ही मोजणी गव्हर्नर जनरलच्या प्रत्यक्ष हुकमतीखाली आली. त्या वेळी लॅम्ब्टनच्या हाताखाली दोन माणसे नेमली गेली. एक जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचे नाव पुढे जगातील सर्वोच्च शिखरास मिळाले. दुसरा डॉक्टर हेन्री वेस्ली व्हॉयसी. हा पलटणीचा वैद्य. मोजणीच्या तळावर औषधपाणी करणे आणि वाटेत दिसेल त्या भूमीची भूगर्भदृष्ट्या पाहणी करणे, अशी दोन कामे त्याच्याकडे होती. सरकारी हुकुमाने भूगर्भाची पाहणी करणारा हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा मनुष्य होय, आणि काही लेखक त्यास हिंदी भूगर्भशास्त्राचा जनक म्हणतात. हैदराबादच्या मुलखाचा त्याने केलेला भूगर्भनकाशा या देशातील आद्य नकाशांत गणला जातो.

हा काळ कसा होता, हेही वाचकांनी विसरू नये. पेशवाई नुकतीच बुडाली होती. नांदेडच्या उत्तरेस, हदगावच्याच मुलखात, नाव्हा येथील गढीत हटकर सरदार नोवसाजी नाईक निजामाची सत्ता न जुमानता ठाण मांडून बसला होता. जानेवारी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या कवायती फौजेने मेजर पिटमनच्या नेतृत्वाखाली त्या गढीस वेढा घातला, सुरुंग लावून तट पाडला, आणि महिनाअखेर गढी घेतली. आतील बहुतेक शिबंदी मारली गेली. नाव्ह्याचे नाव पुढे त्या पलटणींच्या निशाणांवर मानचिन्ह म्हणून चढले. तोफांचा धूर विरतो न विरतो तोच, त्याच निजामी मुलखातून दुर्बिणी, साखळ्या, वायुभारमापके आणि हातोडे घेऊन मोजणीचे तांडे हिंडू लागले. या दोन घटनांचा संबंध केवळ योगायोगाचा नव्हे. जो मुलूख ताब्यात आला त्याचे मोजमाप करावयाचे, आणि ज्याचे मोजमाप झाले तो अधिक घट्ट ताब्यात ठेवावयाचा, ही त्या राज्यकर्त्यांची रीत होती. व्हॉयसीची टिपणे उघडताना ही पार्श्वभूमी मनात असली पाहिजे.

परंतु एवढेच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा व गोदावरी यांच्यामधील येल्लापुरमच्या रानात एव्हरेस्ट आणि व्हॉयसी यांचा तळ हिवतापाने असा पछाडला की सुमारे १५० माणसे आजारी पडली, दोघे इंग्रजही डोलीत घालून हैदराबादेस आणावे लागले, आणि बरोबरच्या लोकांपैकी कित्येक वाटेतच मेले. खुद्द लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपुराकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. व्हॉयसी त्यानंतर सव्वा वर्षाने, एप्रिल १८२४ मध्ये, कलकत्त्याच्या वाटेवर मरण पावला. जी माणसे मरण पावली त्यांपैकी साहेबांची नावे आम्हांस ठाऊक आहेत. निशाणे घेऊन डोंगर चढणारे खलाशी, डोलीवाले, वाटाडे यांची नाहीत. ही तफावत आम्ही येथे नोंदवून ठेवतो. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

व्हॉयसी मेला तेव्हा त्याच्या कामाचा थोडाच भाग छापलेला होता. उरले ते अहवाल आणि खासगी रोजनिशी. असे कागद सामान्यतः मालकामागोमाग जातात. व्हॉयसीचे वाचले ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीमुळे. गाविलगडच्या डोंगरांत एप्रिल १८२३ मध्ये सापडलेल्या अश्मीभूत शिंपल्यांविषयीचा त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १८३३ मध्ये, सोसायटीच्या संशोधनखंडात आला. जेम्स प्रिन्सेप याने १८३२ मध्ये सोसायटीचे मासिक काढले होते. त्यात व्हॉयसीचा हैदराबादच्या भूगर्भाविषयीचा अहवाल छापला गेला, आणि रोजनिशीतील उतारे १८४४ व १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांपर्यंत त्याच्या वह्या उघडून छापाव्यात असे कोणास तरी वाटत राहिले, म्हणून आज त्या आमच्या हाती येतात. कागद आपोआप टिकत नाहीत. ते टिकविणारी संस्था असावी लागते, हा या कथेचा पहिला धडा होय.

आता या टिपणांत आहे तरी काय, ते पाहू. त्या काळी युरोपात काळ्या दगडाविषयी मोठा वाद माजला होता. जर्मन पंडित वेर्नर याच्या संप्रदायाचे म्हणणे असे, की हा दगड आद्य महासागराच्या पाण्यातून साक्यासारखा खाली बसला. दुसरा पक्ष म्हणे, तो अग्नीचा आहे. पृथ्वीच्या पोटातून वितळून वर आला. या दगडास तेथे 'ट्रॅप' म्हणत. हा मूळचा स्वीडिश भाषेतील जिन्याच्या पायरीचा वाचक शब्द. ज्याने सह्याद्रीचे किंवा सातमाळ्याचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहिले आहेत, त्यास हे नाव किती समर्पक आहे ते सांगावयास नको. आमचा 'घाट' हा शब्दही नदीकाठी पायऱ्यांचाच अर्थ घेऊन येतो. व्हॉयसीचा कल अग्निपक्षाकडे होता. गाविलगडच्या डोंगरांत काळ्या दगडाच्या थरांमध्ये त्यास शिंपले सापडले, तेव्हा दगड अग्नीचा असेल तर त्यात पाण्यातील प्राणी कसे आले, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर मिळावयास पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली.

दुसरा वाद आमच्या शेतकऱ्याच्या पायाखालचा, म्हणजे काळ्या मातीचा. इंग्रजी ग्रंथांत हिला 'रेगूर' म्हणतात, आणि तो शब्द तेलुगू 'रेगडी' वरून घेतलेला आहे. व्हॉयसीचे मत असे, की काळा पाषाण झिजून, कुजून ही माती झाली. कॅप्टन न्यूबोल्ड याने त्यास हरकत घेतली. ही माती जेथे काळा पाषाण नाही अशा ठिकाणीही, ग्रॅनाइटवरसुद्धा, आढळते. तेव्हा ती पाण्याने आणून बसविलेली असली पाहिजे, असे तो म्हणे. आज पाहता व्हॉयसीचे म्हणणे मुख्यतः खरे ठरले आहे, पण न्यूबोल्डची हरकतही पोकळ नव्हती. नद्यांनी वाहून नेलेली काळी माती पुष्कळ ठिकाणी आहेच. हदगावच्या कापसाचे आणि हळदीचे मूळ ज्या मातीत आहे, तिच्याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन प्रामाणिक माणसे कागदावर भांडत होती, आणि दोघांच्याही पदरात थोडे थोडे सत्य होते.

व्हॉयसीनंतरचे दुसरे नाव जॉन ग्रँट माल्कमसन याचे. हाही वैद्यच, मद्रास सैन्यातील. वातबलासकासारखा जो बेरीबेरी रोग, त्यावर त्याने १८३५ मध्ये ग्रंथ लिहिला. हैदराबादेहून नागपुरास जाणारी लष्करी वाट निर्मळवरून सीचेलच्या डोंगरांतून एदलाबादेकडे उतरते आणि पैनगंगा ओलांडते. गोदावरी व पैनगंगा यांच्यामधील ही डोंगराची ओळ पश्चिमेकडे किनवटच्या डोंगरांस मिळते. म्हणजे हा हदगावचा शेजारच होय. या वाटेवरील घाटांत माल्कमसनने काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दडलेले गोड्या पाण्याचे शिंपले, गोगलगाई आणि 'चारा' नावाच्या पाणवनस्पतीची वाटाण्याहून लहान फळे अश्मीभूत झालेली पाहिली, वेचली आणि लंडनला नेली. त्यावरचा निबंध तेथील भूगर्भसभेपुढे १८३७ मध्ये वाचला गेला आणि १८४० मध्ये छापला गेला. त्यातील एका गोगलगाईस प्रिन्सेपचे आणि त्या पाणवनस्पतीस माल्कमसनचे नाव मिळाले. त्याच निबंधात लोणारच्या खाऱ्या सरोवराचेही वर्णन आहे.

माल्कमसनने जे पाहिले आणि जे मानले, त्यांत भेद करणे अवश्य आहे. थर कोणता, त्याच्यावर काय, खाली काय, शिंपले मोडके की शाबूत, गोड्या पाण्यातील की खाऱ्या, हे त्याने पाहिले. त्यावरून तळ्यांच्या तळातून किंवा तळ्यांवर लाव्हा आला असावा, अशी कल्पना त्याने बांधली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी पुढे १८५५ च्या सुमारास त्याच प्रकारचे जीवाश्म नागपूरभोवती विपुल गोळा केले आणि आपली निराळी उपपत्ती मांडली. शेवटी भूगर्भ खात्याच्या विल्यम टॉमस ब्लॅनफोर्ड याने १८६७ मध्ये हा गुंता सोडविला. लाव्हा एकदा आला नाही, तो पुनःपुन्हा आला. दोन पुरांच्या मधल्या काळात थंड झालेल्या दगडावर पाणी साचले, गवत उगवले, गोगलगाई जगल्या आणि मेल्या. मग पुढचा पूर आला आणि त्यांस झाकून गेला. आज या थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे धरतात. लोणारचेही तसेच झाले. माल्कमसनच्या पिढीला तो ज्वालामुखीचा खड्डा वाटे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो उल्कापाताचा ठरला. उपपत्ती पडल्या, पाहिलेले मात्र पडले नाही. सीचेलच्या घाटातील ती गोगलगाय आजही त्याच नावाने आणि त्याच जागेवरून ओळखली जाते.

टिपणवहीची थोरवी यातच आहे. ग्रंथ मत सांगतो. वही ठिकाण, दिवस आणि डोळ्यांना दिसलेले सांगते. मत कालांतराने शिळे होते, ठिकाण शिळे होत नाही. माल्कमसन १८४४ मध्ये अशाच एका सफरीत जंगली तापाने धुळे येथे मेला. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परत येत असता रात्री पुराच्या नाल्यात बुडाला. त्याच्यामागे गोंड व इतर जातींविषयीची जी अर्धवट हस्तलिखिते राहिली, ती रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापून काढली. पुन्हा तोच प्रकार: मनुष्य अकाली गेला, वही कोणीतरी सांभाळली, म्हणून विद्या राहिली.

पैनगंगेच्या खालच्या अंगाचा एक पुरावा तर कादंबरीहून अद्भुत आहे. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅमच्या हाताखाली भूगर्भ खाते रीतसर सुरू झाल्यावर वर्धा खोऱ्यातील कोळशाचा शोध होऊ लागला. त्या कामावरील फ्रान्सिस फेडन यास पैनगंगा वर्धेला मिळते त्या टापूत, इरई गावाजवळ, चुनखडकाचा घासलेला, चरे पडलेला पृष्ठभाग आणि त्यावर तसेच चरे असलेले गोटे आढळले. असे चरे सरकणाऱ्या बर्फाच्या बुडाशी अडकलेले दगडच पाडतात. १८७५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात ज्या काठावर पाय ठेववत नाही, त्या चांद्याच्या मुलखात एके काळी हिमनदी होती, याचा हा पुरावा आज जगभर मान्य आहे. दक्षिणेकडील सर्व खंड पूर्वी एकत्र होते, या सिद्धान्तास ज्या पुराव्यांनी बळ दिले, त्यांत हिंदुस्थानातील या प्राचीन बर्फाच्या खुणाही मोडतात.

आता आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल, परक्यांनी स्वार्थासाठी केलेल्या या कामाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. फेडन पैनगंगेवर आला तो कोळशासाठी. बर्फाच्या खुणा त्यास आनुषंगिक मिळाल्या. व्हॉयसीने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवर लेख लिहिला, त्यामागेही सरकारास उत्पन्नाची आशा होतीच. राज्याची सीमा जशी बदलली तसे ज्ञानही विषम झाले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि पैनगंगा ही हद्द झाली. उमरखेडच्या काठासाठी १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. समोरचा हदगावचा काठ निजामाकडे राहिला, आणि तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच होता. दगड दोन्ही काठांवर एकच. पण कागद एका काठावर दाट आणि दुसऱ्यावर विरळ.

याहून जड आक्षेप आमच्या मते निराळा आहे. या साऱ्या दप्तरात आमची माणसे आहेत, पण त्यांना तोंडे नाहीत. घाटातली वाट कोणी दाखविली? 'अमुक ओढ्यात दगडाचे शिंपले मिळतात' हे साहेबास प्रथम कोणी सांगितले? गुराख्याने, की विहिरी खोदणाऱ्या वडाराने? इंग्रजी भूगर्भग्रंथांत 'रेगूर' आहे, 'कंकर' आहे, 'मुरूम' आहे. हे शब्द आकाशातून पडले नाहीत. भूमीचे वर्गीकरण आमच्या खेड्यांत आधीच झालेले होते. साहेबाने ते ऐकले, पारखले आणि लिहून घेतले. शब्द घेतले गेले आणि सांगणाऱ्याचे नाव राहून गेले.

म्हणून हे कागद आम्ही कसे वाचावे? न्यायालयात विरुद्ध पक्षाचा साक्षीदार जसा तपासतात, तसे. त्याचा हेतू ओळखावा, त्याने काय गाळले ते विचारावे. परंतु त्याने जे स्वतः पाहिले ते खरे ठरले तर ते पुराव्यात घ्यावे. हेतू परका होता म्हणून सीचेलची गोगलगाय खोटी ठरत नाही. उलट ती आमची आहे. आमच्या भूमीत ती साडेसहा कोटी वर्षे होती. राहता राहिला खरा प्रश्न, तो असा, की साहेबांनी लिहून घेतले, मग आम्ही का लिहिले नाही? शब्द आमच्यापाशी होते, डोळे होते, भूमी तर होतीच. कमी होती ती वही.

हा प्रश्न केवळ अभिमानाचा आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आजूबाजूची गावे काही क्षणांत ढिगारे झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे अचल भूमी, येथे मोठा भूकंप होणे नाही, अशी सर्वांची समजूत होती. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीस ६१७ मीटर खोल भोक पाडले, तेव्हा तेथे काळा पाषाण अवघा ३३८ मीटर जाड असल्याचे, आणि त्याखाली अतिप्राचीन पायाचा खडक असल्याचे प्रत्यक्ष हाती आले. व्हॉयसीने कडेवर उभे राहून काळा पाषाण ग्रॅनाइटवर बसलेला पाहिला होता. मध्यभागी तो किती जाड आहे आणि त्याखाली काय चालले आहे, हे किल्लारीच्या पायाखाली पाहण्यास आम्हांस पावणेदोनशे वर्षे आणि एवढी मोठी आहुती लागली. आधी माहीत असते तर भूकंप टळला असता, असे आम्ही म्हणत नाही. भूकंप सांगून येत नाही. परंतु भूमी अचल आहे ही समजूत तरी एवढी गाढ राहिली नसती, आणि मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती डोक्यावर घेऊन गावे इतकी निर्धास्त निजली नसती.

आणि आजही रोज एक दप्तर आमच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. मराठवाड्यात पाणी काळ्या पाषाणात सरसकट नसते. ते भेगांत असते, पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात असते, आणि दोन थरांच्या सांध्यात असते. सांध्यातली तांबडी माती पुष्कळदा पाणी अडवून धरते. कोणत्या शिवारात कोणता थर किती खोल आहे, हे कळले तर कोठे खोदावे आणि कोठे पैसा घालवू नये हे कळते. हदगावसारख्या तालुक्यात दर उन्हाळ्यात कूपनलिकांची यंत्रे रात्रंदिवस चालतात. प्रत्येक भोकातून वर येणारी पूड म्हणजे त्या जागेच्या भूगर्भाचे एक एक पान असते: आधी काळी, मग पिवळसर, मग करडी, मध्येच तांबडी. शेतकरी ती पाहतो, यंत्रवाला पाहतो, पाणाड्या पाहतो. पाणी लागले की आनंदात आणि न लागले की दुःखात ती पूड तशीच वाऱ्यावर जाते. शेजाऱ्याने पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज काढून तेच अंधारात करावयाचे. व्हॉयसीला एवढी भोके पाहावयास मिळाली असती, तर त्याने वह्यांवर वह्या भरल्या असत्या.

सरकारचे भूजल खाते आपल्या निरीक्षण विहिरींची नोंद ठेवते, ते योग्यच आहे. पण खासगी भोकांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे, आणि ती नोंद गावानेच ठेवली पाहिजे. प्रत्येक गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही असावी. तीत शिवारातील प्रत्येक नव्या विहिरीची व भोकाची जागा, तारीख, किती फुटांवर कोणता रंग व कोणता खडक लागला, पाणी किती खोलीवर लागले किंवा लागलेच नाही, एवढेच लिहावे. मत लिहू नये, पाहिलेले लिहावे. भाषा गावचीच असावी. मुरूम, मांजऱ्या, गेरू, चुनखडी हे शब्द पुरेसे आहेत, आणि ते शास्त्रज्ञांसही कळतात. लिहिणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे, दोघांचेही नाव त्यात असावे. जुन्या दप्तरात जी उणीव राहिली ती आमच्या दप्तरात राहू नये. हे काम नववी-दहावीच्या मुलांसही करता येईल.

राजवाडे गाठोडी सोडीत हिंडले, कारण ती कोणी तरी बांधून ठेवलेली होती. आमच्या भूमीचे पहिले गाठोडे परक्यांनी बांधले आणि ते आम्हांस उपयोगी पडले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दुसरे गाठोडे मात्र आम्हीच बांधावयाचे आहे, आणि त्यास लागणारा कागद हदगावच्या कोणत्याही दुकानात मिळतो.